अँबेसेडरची न थांबणारी तेलगळती: पॅकिंग बदलण्याआधी काय तपासायचं

चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीचं, पॅकिंग दोनदा बदललं, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) तीनदा, तरी सकाळी गाडी मागे घेतली की फरशीवर पुन्हा तोच काळा डाग. जुन्या अँबेसेडरवाल्यांची ही तक्रार ठरलेली. ही नोंद १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनासाठी आहे, म्हणजे १९५९ पासून अँबेसेडरला बसवलेल्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजसाठी. त्याच घराण्यातल्या १४८९ सीसी डिझेललाही यातलं बरंच लागू पडतं. नंतरच्या इसुझू इंजिनाची रचना वेगळी, त्याला यातलं फारसं लागू नाही.

गळती परत येते त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच. थेंब जिथे पडतो तिथलंच पॅकिंग बदललं जातं, पण तेल निघालेलं असतं हात-दोन हात पुढून आणि वरून. दुसरं, इंजिनाची श्वासाची वाट तुंबलेली असते. आतली हवा कोंडली की ती सगळ्यात कमजोर सांध्यातून तेल बाहेर ढकलते. तो सांधा बंद केला की पुढचा कमजोर सांधा गळू लागतो. म्हणून नवं पॅकिंग आणायच्या आधी दोन कामं करायची: गळतीचा उगम शोधायचा आणि ब्रिदर, म्हणजे ही श्वासाची वाट, तपासायचा.

आधी ते तेल कुठलं आहे ते बघा

गाडीखाली रात्री मोठा पुठ्ठा पसरा. चादरीच्या दुकानातलं रिकामं खोकं उलगडलं तर पुरेसं मोठं होतं. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांच्या जागा खुणेनं आखून ठेवा, म्हणजे कुठला थेंब कशाखाली पडला ते सकाळी कळतं. काळं, बोटाला गुळगुळीत लागणारं ते इंजिन ऑइल. मधाच्या रंगाचं, घट्ट, गंधकासारखा उग्र वास येणारं असेल तर ते ९० नंबरचं गिअर ऑइल, इंजिनाशी त्याचा संबंध नाही. बेल हाउसिंगजवळ (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर) पातळ, फिकट थेंब दिसले तर एक थेंब पाण्याच्या वाटीत सोडून ढवळा. विरघळला तर क्लचच्या सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल गळतंय, वर तवंग धरला तर तेल. या साध्या परीक्षेअभावी गिअरबॉक्सची गळती इंजिनाच्या नावावर खपलेली बऱ्याचदा सापडते.

डिपस्टिकही वास घेऊन बघा. पातळी आपोआप वाढलेली आणि वास पेट्रोलचा असेल तर मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा फाटलाय. पेट्रोल चेंबरमध्ये उतरून तेल पाण्यासारखं पातळ होतं आणि सगळे सांधे एकदम पाझरायला लागतात. असं असेल तर गाडी चालूच करू नका. आत पेट्रोलची वाफ साठलेली असते आणि बेअरिंगला तेलाचा थर राहत नाही. पंप दुरुस्त करा, तेल आणि फिल्टर बदला, मगच गळतीकडे वळा. कित्येकदा तोवर ती थांबलेलीही असते.

धुतल्याशिवाय शोध नाही

वीस वर्षांच्या चिकट्यावर गळतीचा उगम शोधणं म्हणजे काळोखात काळी मांजर धरणं. डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर आणि डायनामो प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना रॉकेल किंवा डिझेल आणि ताठ ब्रश घेऊन वरून खाली घासा, साचलेले थर पट्टीनं खरवडा, शेवटी साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळू द्या. पेट्रोलनं धुऊ नका, आणि एक्झॉस्टवर उडालेलं रॉकेल पुसल्याशिवाय स्टार्टर मारू नका. सर्व्हिसिंग सेंटरचा जोरदार फवारा या कामाला नको. पाणी डायनामोत शिरतं आणि जुन्या सीलच्या ओठांखालीही.

पुसायला धुतलेलं जुनं धोतर किंवा सुती चादरीचा तुकडा उत्तम. सोलापुरात टेरी टॉवेल आणि लूमवरचं सुताचं वेस्ट हाताशी असतं खरं, पण त्यांचे धागे सांध्यावर चिकटतात, आणि पॅकिंगखाली अडकलेला एक धागासुद्धा तेलाला वातीसारखा बाहेर आणतो.

इंजिन कोरडं झालं की संशयाच्या जागांवर टॅल्कम पावडर भुरभुरा. गाडी पाच मिनिटं जागेवर चालवा आणि बॅटरी मारून बघा. मग दहा मिनिटं गावात, मग पुणे रस्त्यानं मोहोळपर्यंत जाऊन परत. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून बघायचं. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होते तो उगम, नंतर पसरते ती नुसती वाट. थेट लांब फेरी मारून आलात तर पंख्याचा वारा आणि रस्त्याची हवा पुढचं तेल चेंबरभर पसरवते, आणि पुन्हा सगळंच ओलं दिसतं. नियम एकच धरा: सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओल खरी. पावडर पुरत नसेल तर तेलात घालायचा चमकणारा रंग आणि नोटा तपासायची जांभळी बॅटरी घ्या. रात्री लाइट बंद करून बघितलं की तेलाची धार झळकते.

गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीच नाही. दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी आधार) लावा, आणि मुरुमाची जमीन असेल किंवा मे महिन्यात डांबर मऊ झालं असेल तर घोडीखाली फळी टाका.

इंजिनाचा श्वास

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू चेंबरमध्ये उतरणारच, नव्या इंजिनातही. तो बाहेर जायला या इंजिनात दोन वाटा आहेत. टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरला जाणारी रबरी नळी ही एक, आणि मॅनिफोल्डखालच्या साइड प्लेटमधून (ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या झाकणातून) रस्त्याकडे उतरणारा ब्रिदर पाइप ही दुसरी. खालच्या पाइपाच्या तोंडावरून हवा वाहते तेव्हा तो आतली हवा ओढून घेतो. पण हे गाडी वेगात असतानाच. सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या सिग्नलला उभी असताना ओढ जवळपास शून्य. हायवेला कोरडी राहणारी गाडी गावात गळते त्याचं एक कारण हे.

हा पाइप कशानं तुंबतो? आतून तेलाच्या चिकट गाळानं, बाहेरून तेलकट तोंडाला बसलेल्या धुळीनं. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर कुंभारीण माशीच्या मातीच्या घरानंही. पाइप काढून रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, जुनी क्लच वायर आरपार फिरवा, आणि तोंडानं फुंकून बघा. जोर लावावा लागला तर अजून साफ झालेला नाही. साइड प्लेटच्या आतल्या बाजूला तेल अडवायची जाळी किंवा पत्रा असेल तर तोही धुवा. तोंडावर जास्तीचा रबरी पाइप जोडून तो वर वळवलेला असेल तर काढून टाका. डाग पडू नये म्हणून केलेली ती युक्ती श्वासच बंद करते.

वरची नळी दाबून बघा. तेलानं आणि उष्णतेनं मऊ पडलेली नळी चालू इंजिनात आतून मिटते. बदलताना तेलाला टिकणारी नळी घ्या, रेडिएटरची पाण्याची नळी चालणार नाही. एअर क्लीनरही सोबत बघा. ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत खेड्यापाड्याच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीचा फिल्टर भुशानं गच्च होतो. मग कार्ब्युरेटर या नळीतून टॅपेट कव्हरमधलं तेलच ओढायला लागतो.

आता मोजमाप. गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात ती पारदर्शक नळी दोनेक मीटर घ्या. तेल ओतायच्या तोंडाचं एखादं जुनं झाकण मिळवा, त्याला भोक पाडून नळीचं एक टोक हवाबंद बसवा. उरलेल्या नळीचा यू आकार करून पट्टीवर बांधा आणि त्यात रंगवलेलं पाणी अर्धं भरा. इंजिन चांगलं गरम असताना आधी आयडलला, मग दोन हजार फेऱ्यांवर धरून बघा. दोन्ही बाजूंचं पाणी सारखं राहिलं किंवा इंजिनाकडे किंचित ओढलं गेलं तर उत्तम. बाहेरच्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त ढकललं गेलं तर आत दाब आहे. ब्रिदर साफ करून पुन्हा मोजा.

तरीही दाब उरला तर दोष रिंगांचा, गॅरेजच्या भाषेत इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय. खात्री कॉम्प्रेशन गेजनं करा. चारही प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, गरम इंजिनावर. चार सिलिंडरांत १० ते १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. जो कमी दाखवतो त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर झिजलंय, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. तुळजापूरचा घाट चढून गेल्यावर डाग दुप्पट होत असेल तर त्याचाही रोख रिंगांकडेच असतो, कारण जोर पडला की वायूही जास्त उतरतो. अशा इंजिनाला कितीही भारी पॅकिंग घाला, गळती फक्त जागा बदलेल.

वरून खाली उतरताना

टॅपेट कव्हर म्हणजे आपल्याकडे हेडवरचं रॉकर कव्हर. ते फक्त दोन नटांवर बसतं, आणि त्या नटांखाली कप वॉशर आणि रबरी बुश असतात. बुश कडक होऊन चपटे झाले की कव्हर बसल्यासारखं वाटतं पण दाबलं जात नाही. मग नट पिळले जातात, पत्रा मधे खचतो आणि कडा उचलतात. नटाला पाच-साडेपाच न्यूटन मीटर एवढाच जोर लागतो. टॉर्क पाना नसेल तर लहान पान्यानं मनगटाच्या जोरावर, खांदा लावायचा नाही. या कव्हरचा मागचा कोपरा विशेष नीट बघा. तिथून निघालेलं तेल हेडच्या मागून बेल हाउसिंगवर उतरतं आणि हुबेहूब क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या गळतीसारखं दिसतं. दहा मिनिटांत बसणाऱ्या कॉर्कच्या पॅकिंगऐवजी इंजिन खाली उतरवायचा खर्च काढला जातो तो इथेच.

साइड प्लेट हे या इंजिनाचं सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण. मॅनिफोल्डच्या खाली दोन पत्र्याच्या प्लेटा, प्रत्येकी मधे एकच बोल्ट, बोल्टाखाली फायबर वॉशर, मागे कॉर्क. मॅनिफोल्ड काढल्याशिवाय हात नीट पोचत नाही, म्हणून ओल दिसली की खालून पाना घालून बोल्ट आवळला जातो. एकाच बोल्टावर जोर आला की पत्रा बशीसारखा खोल होतो, कडा ब्लॉकपासून सुटतात आणि गळती वाढते. या बोल्टाला तीन न्यूटन मीटरसुद्धा जास्त आहे. म्हणजे बोटांनी घट्ट बसवून वर जेमतेम अर्धा फेरा.

इथून निघालेलं तेल चेंबरच्या कडेवरून मागे सरकतं किंवा एक्झॉस्ट पाइपवर टपकतं. गाडी थांबली की जळक्या तेलाचा वास येत असेल तर आधी इथे बघा. काम करायचंच तर मॅनिफोल्ड काढूनच करा आणि दोन्ही प्लेटा एकदम करा. पत्रा सपाट लोखंडावर उलटा ठेवून हलक्या हातोडीनं कडा सरळ करा, स्टीलची पट्टी उभी धरून उजेड दिसतो का ते तपासा. फायबर वॉशर नवा घाला. तो दोन रुपयांचा म्हणून जुनाच परत लावला जातो, आणि बोल्टाच्या आट्यातून तेल बाहेर येत राहतं.

फिल्टर जुन्या धाटणीचा, म्हणजे डबा आणि आत बदलायचं एलिमेंट असा असेल तर वरच्या हेडच्या खाचेत बघा. जुनी रबरी रिंग काळी, कडक होऊन खाचेच्या तळाशी चिकटलेली असते आणि दिसतही नाही. तिच्यावरच नवी बसवली की डबा कितीही आवळा, तेल येणारच. दाभणानं उकरून जुनी रिंग काढा. कधीकधी एकाखाली एक दोन निघतात! ही गळती दाबाखालची आहे, चालू गाडीत एकदम धार लागू शकते, त्यामुळे टाळाटाळ नको.

दाबाखालचं दुसरं ठिकाण म्हणजे ऑइल प्रेशरचा स्विच किंवा गेजचा पाइप, आणि ज्या इंजिनांना ब्लॉकपासून फिल्टरपर्यंत बाहेरून पाइप आहे त्याचे बोल्ट. स्विच सांध्यातून नाही तर मधल्या प्लास्टिकमधून पाझरतो. वायरची टोपी काढून आत तेल आहे का बघा. असेल तर बदला, त्याला इलाज नाही. बोल्टांचे तांब्याचे वॉशर एकदा दाबले गेले की कडक होतात. नवे नसतील तर गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं पुन्हा मऊ होतं. दोन्ही बाजू बारीक पॉलिश पेपरवर सपाट करून मग बसवा.

पेट्रोल पंपाच्या बुडाशी, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशीही ओल असू शकते. साधं कागदी पॅकिंग, अर्ध्या तासाचं काम. पंपामागे जाड इन्सुलेटर ठोकळा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना पॅकिंग लागतं. एकच घातलेलं बऱ्याचदा सापडतं.

पुढे टायमिंग कव्हर. क्रँक पुलीच्या मागे ऑइल सील. सील नवा घालूनही गळतं तेव्हा पुलीचा दांडा बघा. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नखाला लागेल इतकी खाच पडलेली असते. सील एक-दीड मिलिमीटर पुढे किंवा मागे ठोकून बसवला तर ओठ कोऱ्या जागेवर येतो. खाच खोल असेल तर पातळ स्लीव्ह चढवून घ्यावी लागते, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे तासाभराचं काम. कव्हर बसवताना क्रम महत्त्वाचा. बोल्ट ढिले ठेवून सीलला ग्रीस लावायचं, पुली आत सरकवायची, म्हणजे कव्हर आपोआप मधोमध येतं. मग बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळायचे. आधी बोल्ट आवळून नंतर पुली ठोकली की सील एका अंगाला दबतो आणि महिन्यात पुन्हा गळतो. आतल्या तेल उडवणाऱ्या चकतीवर पुढची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती पुढेच हवी. जुन्या नमद्याच्या सीलची आणि नंतरच्या रबरी सीलची चकती वेगळी, सरमिसळ झाली की सील तेलात बुडतो.

चेंबर आणि कॉर्क

चेंबरचा पत्रा बोल्टाच्या प्रत्येक भोकाभोवती फुगलेला असतो, कारण आधीच्या प्रत्येकानं तो आवळलेला असतो. तो ठोकून सपाट केल्याशिवाय नवं पॅकिंग घालणं व्यर्थ. चेंबरच्या बोल्टाला आठ न्यूटन मीटर पुरतात. पुढच्या आणि मागच्या बेअरिंग कॅपवर कॉर्कच्या अर्धगोल पट्ट्या बसतात. त्यांची टोकं खाचेच्या वर किंचित उभी राहिली पाहिजेत, म्हणजे बाजूच्या पॅकिंगवर दाबली जातात. टोकं सपाट कापली की चारही कोपरे गळतात. त्या चार कोपऱ्यांतच करड्या सिलिकॉनचा हरभऱ्याएवढा ठिपका द्या, बाकी कुठे नाही.

सिलिकॉनचा मोह इथे आवरायला हवा. कॉर्कच्या दोन्ही अंगांना थापलं की आवळताना कॉर्क साबणाच्या वडीसारखा बाहेर सरकतो. आत सुटलेले सिलिकॉनचे तुकडे थेट पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात आणि तेलाचा दाब पडतो. रीत अशी: कॉर्क पत्र्याच्या बाजूला चिकटवायचा, तोही चपला चिकटवतात त्या डिंकाच्या पातळ थरानं, आणि ब्लॉकच्या बाजूला नुसतं ग्रीस. पुढच्या वेळी उघडताना पॅकिंग फाटत नाही.

सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात दुकानात वर्षानुवर्षं लटकलेलं कॉर्कचं पॅकिंग आटून आखूड होतं, भोकं जुळत नाहीत. ओढून बसवू नका, तुटेल. कोमट पाण्यात तासभर ठेवा, मूळ मापाला येतं. पुसून मग लावा. बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झालं की सगळे बोल्ट एकदाच, हलक्या हातानं तपासा. त्यानंतर पाना लावायचा नाही.

मागची गळती

सगळं कोरडं आहे आणि बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातूनच थेंब येतायत, असं पक्कं झालं तरच मागच्या क्रँककडे या. तीन मेन बेअरिंगच्या या इंजिनात मागे रबरी सील नाहीच. क्रँकवर उलट्या आट्याची खाच कापलेली आहे. क्रँक फिरते तेव्हा हा आटा तेलाला स्क्रूसारखा परत चेंबरकडे ढकलतो. आटा आणि भोवतालचं घर यांत केसाएवढी फट. म्हणजे ही रचना दोन अटींवर चालते: आत दाब नको आणि फट वाढलेली नको. ब्रिदर तुंबला की पहिला फटका इथेच बसतो, म्हणून वरचं मोजमाप आधी सांगितलं.

तेलाची पातळी वरच्या खुणेपलीकडे भरली तरी इथून गळतं. हल्लीचं ५डब्ल्यू-३० सारखं पातळ तेल घातलं तरी गळतं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात या इंजिनाला २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० च बरं, आणि पातळी दोन खुणांच्या मधोमध. बाटलीतून मिळणारी गळती थांबवणारी औषधं रबर फुगवून काम करतात. इथे रबरच नाही, कॉर्कलाही त्यांचा उपयोग नाही.

एवढं करूनही वाहत असेल तर मेन बेअरिंग झिजून क्रँक खाली बसलेली असते किंवा मागच्या कॅपमधून तेल परत जायची वाट गाळानं बंद असते. दोन्हीसाठी इंजिन उतरवावं लागतं. तेव्हा कॅपचा सपाट सांधा स्वच्छ करून अगदी पातळ सीलंट लावा, परतीची वाट वायर घालून मोकळी करा, मागच्या प्लेटचं पॅकिंग बदला. अशा इंजिनांना रबरी सील बसवायचे संच परदेशात मिळतात, पण माप अचूक घेणारा मशीनिस्ट असेल तरच त्या वाटेला जा.

निव्वळ रात्रीतून चार-पाच थेंब पडत असतील आणि क्लच घसरत किंवा थरथरत नसेल, तर फक्त या कारणासाठी इंजिन उतरवू नका. पुढच्या ओव्हरहॉलपर्यंत थांबलं तरी चालतं. तोवर बेल हाउसिंगच्या खालच्या भोकात लोंबणारी स्प्लिट पिन जागेवर आहे का बघा. ती हलत राहून भोक उघडं ठेवते. कुणीतरी गळती थांबावी म्हणून ते भोक एम-सीलनं बुजवलं असेल तर आजच फोडा, नाहीतर सगळं तेल क्लच प्लेटवर जाईल.